तीन हजार मीटरपर्यंत

रात्रीची बस काराकोलला पहाटे पोचते,
आणि माझ्या फाटकाशी उभी राहतात ही पोरं,
पाठीवर एवढं बिऱ्हाड
की गोगलगायीनं मान खाली घालावी.

मी बुरुलकान. नऊ खाटा, एक शेगडी,
अंगणात जर्दाळू, जिन्याखाली कपाट.
आधी चहा देते. मग कपाट उघडते.

बघा, हे सगळं तुमच्या आधीच्यांनी टाकलेलं.
केस वाळवायची यंत्रं चार
(पाचवं माझी सून वापरते).
जीन्स. भिजली की तीन दिवस ओली,
वजनाला मेंढीचं पिल्लू.
लिस्बनहून आलेला हा बिडाचा तवा.
आणि गिटार. ती मुलगी म्हणाली, परत येते.
तिसरा हिवाळा गेला.
मी अधूनमधून धूळ पुसते, तेव्हा एक तार आपोआप वाजते.

तर काढा बाहेर.
मोजे तीन जोड, लोकरीचे:
एक पायात, एक दोरीवर,
तिसरा फक्त झोपायचा, तो कितीही मोह झाला तरी
चालताना घालायचा नाही.
गोळ्या त्यांच्याच पाकिटात असू द्या,
सीमेवरच्या शिपायाला सुट्या गोळ्या आवडत नाहीत.
पैसे दोन ठिकाणी. पासपोर्टची प्रत तिसऱ्या.
मैत्रिणीचं पत्र आणलंय? ते राहू दे, त्याला वजन नसतं.

आणि कागद?
मग पासपोर्ट पुढे करतात.
हा नव्हे. विम्याचा.
मोबाइल चाचपतात, हसतात, आहे म्हणतात.
उंची किती लिहिलीय त्यात?
आता मात्र कुणी हसत नाही,
कारण कुणी वाचलेलंच नसतं.

लुबोरनंही नव्हतं वाचलं.
ओलोमोउत्सचा, दात पुढे, बडबड्या.
खिंडीतल्या घसरड्या दगडांवर नडगी मोडली,
छत्तीसशे मीटरवर.
उपग्रहाच्या फोनवर कंपनीची बाई फार गोड बोलली,
नेमकी उंची विचारली,
आणि त्यानं, वेड्यानं, खरी सांगितली.
तीन हजारांपर्यंत आहे तुमचं, ती म्हणाली.
खाली आणता आलं तर कळवा.
वरच्या चौकटीत खूण करायला जे जादा पडले असते
त्यात इथं चार वाडगे लाघमान येतं.

मग माझा दीर तोक्तोसून निघाला, आणि बोझ,
त्याचा करडा घोडा, बारा वर्षांचा.
रात्रभर उतरत होते.
तीन हजारांची रेघ डोंगरावर कुणी आखलेली नाही,
तोक्तोसून दर वळणावर विचारी, आली का?
लुबोर घड्याळात बघून म्हणे, अजून नाही.
शेवटच्या ओढ्यात बोझचा पाय दगडांत अडकला.
त्यानं पोराला पडू दिलं नाही.
पलीकडच्या काठावर नेऊन मगच खाली बसला.

लोक म्हणतात वरातीमागून घोडं.
आमच्याकडे घोड्यामागून वरात आली:
रुग्णवाहिका, डॉक्टर, तीन प्रतींत फॉर्म.
लुबोरची नडगी, इस्पितळ, विमानात पाय लांब करायला
तीन खुर्च्या, सगळं भरून मिळालं.
घोड्याचा रकाना फॉर्मवर नव्हता.
मी दोनदा उलटून पाहिला.

त्या हिवाळ्यात तोक्तोसूननं ताटातल्या मांसाला हात लावला नाही.
कुणी विचारलं नाही, कुणी आग्रह केला नाही.

नाताळात लुबोरचं कार्ड आलं, सोबत गोळ्या-बिस्किटं.
काठी टेकत चालतो म्हणे. आणि खाली, बारीक अक्षरात:
बोझ कसा आहे?
मी तीन दिवस कार्ड चहाच्या डब्यामागे ठेवलं.
मग लिहिलं, चरतोय.

तर उघडा तो मोबाइल. इकडे उजेडात या.
मला तुमची लिपी येत नाही, पण आकडे येतात.
तो आकडा दाखवा.
आणि तू रे, मागे उभा असलेला,
मोजे दोनच दिसतात तुझे.
थांब. कपाटात बघते.